टोपी बदलली, आळ दारूवर आला

पेटची तयारी करणारी ज्युनिअर मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास येतो. "आराखडा लिहिताना ते व्हेरिएबल वगैरे शब्द वापरावेच लागतात का? आपण तर इतिहासवाले." पूर्वी मी बिनधास्त सांगायचो, की नाही लागत, ते समाजशास्त्रवाल्यांचं काम. आता तसं सांगत नाही. कारण गेल्या वर्षी माझ्या प्रबंधातला एक अख्खा तक्ता मला फेकून द्यावा लागला, आणि तोही एका टोपीमुळे.

झालं असं, की माझा विषय १८५७ नंतरच्या पश्चिम भारतातला लष्करी दारूगोळ्याचा पुरवठा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, त्यामुळे पुण्यात बसून हा विषय घेणं तसं सोयीचं. जुन्या कागदांत काडतुसं, दारू, शिसं, टोप्या असे रकाने सापडतात. मी वर्षावर्षाच्या टोप्या मोजल्या, बेरजा केल्या, आलेख काढला. आलेख एका ठिकाणी एकदम खाली येत होता. मला फार आनंद झाला. आलेख खाली येतो म्हणजे काहीतरी घडलंय, आणि काहीतरी घडलंय म्हणजे मला एक प्रकरण मिळालं! सैन्याचा गोळीबाराचा सराव कमी झाला असणार, असं लिहून मी मोकळासुद्धा झालो. सरांनी ती वीस पानं वाचली आणि समासात पेन्सिलने एवढंच लिहिलं: "कुठली टोपी?"

दोन दिवस मला त्या प्रश्नाचा अर्थच कळला नाही. टोपी म्हणजे टोपी. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल उडवलंय ना तुम्ही? लाल कागदावरचा तो काळा ठिपका, वरून घोडा आपटला की फट्. बंदुकीची टोपीही तत्त्वाने तीच: धातूच्या इवल्याशा वाटीत आघाताने पेटणारं मिश्रण. यात "कुठली" काय असणार?

बरंच काही असतं. आणि ते शोधता शोधता मी खडकीहून थेट अमेरिकेत जाऊन पोचलो, जिथे लोक घरी बसून पिस्तुलाची काडतुसं पुन्हा भरतात आणि "ही टोपी नाही मिळाली तर ती चालेल का" या एका प्रश्नावर गेलं शतकभर काथ्याकूट करतायत. हा लेख त्या प्रश्नाच्या इतिहासाचा आहे. (आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा कुणी प्रात्यक्षिक करायला जाऊ नये. आपण कागदावरच बरे.)

आधी टोपी आली कुठून ते भराभर सांगतो. १८०० साली एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पाऱ्याचं फल्मिनेट कसं तयार होतं ते रॉयल सोसायटीपुढे मांडलं. आघात झाला की उडणारा पदार्थ. स्कॉटलंडमधल्या बेल्हेल्वी गावचे पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ यांना बदकांच्या शिकारीचा नाद. चकमकीच्या बंदुकीत आधी वरच्या कानातली दारू भकदिशी पेटते, मग आतली. तेवढ्या क्षणात पाखरं सावध होऊन उडतात. फोर्साइथनी १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाच्या चापाचं पेटंट घेतलं. पुढच्या वीसेक वर्षांत त्या मिश्रणाला तांब्याची टोपी मिळाली. ही पहिली टोपी. ती काडतुसापासून वेगळी असायची. शिपाई कागदी काडतूस फाडायचा, दारू आणि गोळी तोंडाकडून ठासायचा आणि मग कमरेच्या पिशवीतून एक टोपी काढून बंदुकीच्या निपलवर बसवायचा. १८५७ म्हटलं की आपल्याला काडतुसाची चरबी आठवते. पण त्या काडतुसात टोपी नव्हतीच, ती स्वतंत्र पुरवली जायची. म्हणूनच तिची वेगळी नोंद व्हायची.

मग १८६६. त्या वर्षी दोन माणसांनी, अटलांटिकच्या दोन बाजूंना, एकच प्रश्न दोन रीतींनी सोडवला. टोपी काडतुसाच्याच बुडात कशी बसवायची? वूलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख कर्नल एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीत टोपी दाबली जाते ती ज्यावर, ती छोटी ऐरण टोपीचाच भाग असते आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक. अमेरिकन यादवी युद्धात नेमबाजांच्या पलटणी उभारणारे हायरम बर्डन यांच्या पद्धतीत ऐरण पुंगळीतच घडवलेली आणि तिच्या बाजूने बारीक भोकं, बहुधा दोन. बाहेरून बघितलं तर दोन्ही काडतुसं सारखीच दिसतात.

गंमत अशी, की इंग्रज बॉक्सरची पद्धत पुढे अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन बर्डनची युरोपात. खुद्द ब्रिटिश लष्कराच्या .३०३ काडतुसात बर्डनची टोपी होती. का? याचं एक उत्तर त्या मधल्या भोकात आहे. बॉक्सरच्या पुंगळीत वरून एक सळई घातली की ती भोकातून थेट टोपीवर टेकते आणि वापरलेली टोपी खाली पडते. नवी बसवा, दारू घाला, गोळी बसवा, झालं काडतूस. बर्डनच्या पुंगळीत मध्ये ऐरण आडवी येते, टोपी बाहेरून उचकटावी लागते. ज्यांना पुंगळी पुन्हा वापरायची होती त्यांना बॉक्सर सोयीचा. ज्यांचं सैन्य झाडलेली पुंगळी मोडीत टाकणार होतं, त्यांना ऐरण नसलेली साधी टोपी परवडणारी. ही निवड तंत्रज्ञाने केली असं पुस्तकं सांगतात, मला मात्र ती भांडारातल्या हिशेबनिसाने केलीय असं वाटतं.

अमेरिकेतही लगेच बॉक्सर आला नाही. १८६८ पासून पुढची काही वर्षं फ्रँकफर्ड आर्सेनलमध्ये कर्नल स्टीफन व्हिन्सेंट बेने यांच्या रचनेची काडतुसं व्हायची. त्यात तांब्याच्या पुंगळीच्या आत टोपीचं मिश्रण दडवलेलं असे. ती पुन्हा भरता येत नसत. १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरची तुकडी कापली गेली, ती या तांब्याच्या पुंगळ्या बंदुकीत अडकल्यामुळे, असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. १९८४-८५ मध्ये तिथे उत्खनन झालं, पुंगळ्यांवरचे ओरखडे तपासले, तर अडकून उचकटाव्या लागलेल्या पुंगळ्या थोड्याच निघाल्या. हा वेगळा विषय आहे, पण ज्यांना पुरातत्त्व आणि लष्करी इतिहास एकत्र करायचाय त्यांनी तिकडे जरूर बघावं.

लिटल बिगहॉर्ननंतर अमेरिकन लष्कराने नेमबाजीच्या सरावावर जोर दिला. सराव म्हणजे काडतुसं, काडतुसं म्हणजे पैसा. १८८० च्या दशकात पितळी, बाहेरून टोपी बसवायची पुंगळी आली आणि तुकड्यांना पुन्हा भरायची अवजारं दिली गेली. शिपाई छावणीत बसून सरावाची काडतुसं भरू लागले. टोपी, दारू, गोळी आणि पुंगळी या चार वस्तू वेगवेगळ्या येतात आणि त्यांतली एखादी बदलता येते, ही कल्पना इथे रोजच्या कामाचा भाग झाली.

आणि मग दारू बदलली.

१८९० च्या दशकात काळी दारू गेली, बिनधुराची आली. अमेरिकन लष्कराची क्रॅग रायफल १८९२ ला स्वीकारली गेली. दाब जास्त, वेग जास्त, धूर नाही. काडतूस पहिल्यांदा झाडलं की सगळं छान. पण त्याच पुंगळ्या पुन्हा भरायला घेतल्या की तडकायच्या. पितळ ठिसूळ झालेलं. आता तुम्हीच सांगा, तुम्ही त्या वेळचे अधिकारी असता तर कुणावर संशय घेतला असता? नवी काय वस्तू आलीय? दारू. मग दारूच दोषी.

पण इथे फ्रँकफर्डच्या लोकांनी दोष बरोबर ओळखला. दोषी होती जुनी टोपी. पाऱ्याच्या फल्मिनेटचा स्फोट झाला की धातुरूप पारा उरतो. पारा पितळात शिरला की पितळ ठिसूळ होतं. सोनारकाम करणाऱ्यांना हे सांगायला नको. पारा लागलेल्या दागिन्याचं काय होतं ते त्यांना ठाऊक असतं. मग काळ्या दारूच्या काळात हे का घडलं नाही? कारण काळी दारू जळली की निम्म्याहून अधिक वजनाची राख-किट्ट मागे राहते. तो पारा त्या किट्टात विखुरला जायचा आणि पुंगळी धुतली की किट्टाबरोबर बराचसा निघून जायचा. नव्या दारूने किट्ट घालवलं आणि दाब वाढवला. पारा सरळ पितळाच्या अंगाला भिडला. म्हणजे टोपी तीच, पुंगळी तीच, पण शेजारी बदलला आणि टोपीचा जुना अवगुण उघडा पडला. १८९८ च्या सुमारास अमेरिकन लष्कराने पारा नसलेली टोपी आणली. पुंगळ्या तडकणं थांबलं.

याला मी पहिली अदलाबदल म्हणतो. ती यशस्वी झाली. ब्रिटिशांनी मात्र .३०३ मध्ये पाऱ्याची टोपी पुढे कित्येक वर्षं तशीच ठेवली, आणि त्यांना त्याचा त्रासही झाला नाही, कारण ते पुंगळ्या पुन्हा भरतच नव्हते. एकच रसायन, एकच पितळ, एका देशात समस्या आणि दुसऱ्यात समस्याच नाही. इतिहासात "समस्या" हा शब्द लिहिण्याआधी ती कुणाची, हे विचारायची सवय मला या प्रकरणाने लावली.

आता खरी गोष्ट. नव्या टोपीत पारा नव्हता, पण पोटॅशियम क्लोरेट होतं. तसं ते आधीच्या मिश्रणातही असायचंच. आणि याच काळात अमेरिकेत, युरोपात, सगळीकडे एक नवी तक्रार सुरू झाली. बंदूक वापरून झाल्यावर तेलाने पुसून लखलखीत करून ठेवली, तरी चार दिवसांनी नळीत गंज. पुन्हा पुसली, पुन्हा गंज. काळ्या दारूची बंदूक आजोबांपासून चाललेली, तिला काही नाही, आणि ही नवी महागडी रायफल एका पावसाळ्यात खलास.

सगळ्यांचा निष्कर्ष एकच: बिनधुराची दारू आम्लधर्मी आहे. ती नायट्रिक आम्लातून तयार होते, जळाल्यावर तिची आम्लं पोलादाच्या रंध्रांत शिरून बसतात आणि नंतर हळूहळू "घामासारखी" बाहेर येतात. ऐकायला किती पटणारं आहे बघा. कारण आहे, यंत्रणा आहे, काळाचा क्रमही जुळतोय: दारू आली आणि गंज आला.

त्याहून कहर म्हणजे उपायही लागू पडत होता! आम्ल आहे ना, मग अल्कधर्मी काहीतरी वापरा. अमेरिकन लष्करात धुण्याच्या सोड्याचं दाट द्रावण नळीतून फिरवायची पद्धत होती. नळीत चिकटलेला गोळीचा धातू काढायला अमोनियाचं द्रावण वापरायचे. ज्यांनी हे केलं त्यांच्या बंदुका गंजेनात. म्हणजे आम्लाचा सिद्धांत खरा ठरला की नाही? रोगाचं निदान झालं, औषध दिलं, रोगी बरा झाला. आणखी काय पुरावा हवा?

तिकडे ब्रिटिश फौजेत नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायची रीत होती. माझ्या मावशीचे सासरे मराठा लाईट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले, आता नव्वदीच्या घरात. त्यांना सहज विचारलं, तर म्हणाले, "फायरिंग झालं की लंगरखान्यातनं गरम पाण्याची किटली आणायची, थ्री नॉट थ्रीच्या नळीत वतायची, मग चिंधी, मग तेल. तेल आधी लावलं तर उस्ताद बडवायचा." का, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "तसंच असतंय" एवढंच उत्तर. मला त्या "तसंच असतंय"चं फार अप्रूप वाटलं, कारण प्रयोगशाळेतल्या लोकांना जे वीसेक वर्षं उमगलं नव्हतं ते किटलीवाल्याच्या हातात होतं.

१९२२ साली अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्सने विल्बर्ट हफ या संशोधकाचा एक छोटा तांत्रिक निबंध छापला. विषय: तेलाच्या थराखालचा गंज, विशेषतः बंदुका झाडल्यानंतर येणारा. हफ यांचा निष्कर्ष असा, की दारूच्या आम्लाचा यात काही संबंध नाही. टोपीतलं पोटॅशियम क्लोरेट जळाल्यावर पोटॅशियम क्लोराइड होतं. म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. ते नळीभर बारीक थरात बसतं. तेलात ते विरघळत नाही, त्यामुळे तुम्ही कितीही तेल चोळा, मीठ तेलाखाली सुखाने नांदतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की ते ओल धरतं, आणि मिठाच्या पाण्याने पोलादाचं जे व्हायचं ते होतं. कोकणातल्या मंडळींना हे मीठ-प्रकरण समजावून सांगायची गरज नाही. जुलैत मिठाच्या बरणीत काय होतं ते रोज दिसतं.

आता मागचे सगळे पुरावे पुन्हा एकेक करून बघा. काळ्या दारूच्या बंदुका का गंजत नव्हत्या? टोपीत क्लोरेट तेव्हाही होतं, पण काळ्या दारूचं किट्ट पाण्यानेच निघतं म्हणून सगळे बंदूक पाण्याने धुवायचे, आणि मीठ आपोआप वाहून जायचं. नवी दारू आली, किट्ट गेलं, लोकांनी पाणी सोडून तेल घेतलं. म्हणजे १८९० च्या दशकात बदललेली गोष्ट एक नव्हती. दारू बदलली, टोपी बदलली, आणि साफ करायची सवयही बदलली. तिसरा बदल कुणी नोंदवलाच नाही, कारण सवयीची कुणी वहीत नोंद करत नाही. सोड्याच्या द्रावणाने काम केलं ते सोड्यामुळे नाही, त्यातल्या पाण्यामुळे. अमोनियाचंही तेच. किटलीचं तर सरळच.

आणखी एक खूण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. .२२ च्या छोट्या बंदुका. बिनधुराच्या काडतुसांनी त्यांच्या नळ्या सगळ्यांत वाईट गंजायच्या. खरं म्हणजे त्यांत दारू चिमूटभर. दारू दोषी असेल तर कमी दारूच्या बंदुकीत गंज कमी हवा, इथे तर उलटं. पण त्या काडतुसात दारूच्या मानाने टोपीचं मिश्रण खूप जास्त असतं. हे प्रमाण मांडून बघितलं असतं तर उत्तर १९०० च्या आसपासच मिळू शकलं असतं, असं मला वाटतं. (मागाहून शहाणपण सांगणं सोपं, हे मान्य. मीही माझ्या तक्त्यातली खूण वर्षभर बघत होतो.)

मी आमच्या वर्गात हे प्रकरण सांगितलं तेव्हा ज्युनिअरना एक काम दिलं: हफ यांचा निबंध न बघता तुम्ही हा प्रश्न कसा सोडवला असता ते लिहा. सगळ्यांत छान उत्तर एका मुलीचं. दारू तीच ठेवून टोपी बदला, टोपी तीच ठेवून दारू बदला, आणि एका नळीत दारू न घालता नुसतीच टोपी उडवा. मग तिन्ही नळ्या दमट खोलीत ठेवा. तिला संशोधन पद्धतीच्या पेपरमधली व्याख्या येत नव्हती. व्याख्या येणाऱ्यांपैकी दोघांनी मात्र "तज्ज्ञांच्या मुलाखती घेऊ" असं लिहिलं. १९१० साली तज्ज्ञांच्या मुलाखती घेतल्या असत्या तर सगळ्यांनी एकमुखाने आम्लच सांगितलं असतं.

हफ यांच्या निबंधानंतर क्लोरेट नसलेल्या टोप्यांची शर्यत लागली. जर्मनीत आर.डब्ल्यू.एस. ची सिनॉक्सिड आणि अमेरिकेत रेमिंग्टनची क्लीनबोअर, दोन्ही १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आल्या. हळूहळू शिशाचं स्टिफनेट हा मुख्य घटक झाला आणि आजही बहुतेक टोप्यांत तोच आहे. पण अमेरिकन लष्कराने काय केलं? बहुतेक काडतुसांत जुनी, गंज आणणारी टोपी थेट १९५० च्या दशकापर्यंत चालू ठेवली. त्यांना ती गंजवते हे पक्कं माहीत होतं. पण ती गोदामात अनेक वर्षं पडून राहिली तरी पेटते हेही माहीत होतं, आणि नव्या टोपीबद्दल तो भरवसा अजून यायचा होता. शिपायाला पाण्याने नळी धुवायला लावता येतं, न पेटलेलं काडतूस युद्धात पेटवता येत नाही. अपवाद .३० कार्बाइनचा. तिच्यातली वायूची यंत्रणा शिपायाने उघडून धुण्यासारखी नव्हती, म्हणून तिला सुरुवातीपासून न गंजवणारी टोपी दिली. माहिती असूनही जुनंच चालू ठेवलं की आपण लगेच "प्रतिगामी नोकरशाही" लिहून टाकतो. इथे तसं लिहिणं अन्यायाचं होईल.

पिस्तुलाकडे यायचं राहिलंच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नागरिकांना टोप्या मिळेनाशा झाल्या, युद्धानंतरही बराच काळ तुटवडा होता. आयडाहोतल्या लुइस्टनमध्ये डिक स्पीअर यांनी १९५१ साली सुरू केलेली कॅस्केड कार्ट्रिज, म्हणजे आजची सी.सी.आय., ही याच गरजेतून उभी राहिली. अगदी परवाचा तुटवडा २०२०-२१ चा. महासाथ, वाढलेली मागणी, त्यात रेमिंग्टनचं दिवाळं. दुकानात टोप्यांच्या फळ्या रिकाम्या, आणि शतकभराचा प्रश्न पुन्हा वर आला: पिस्तुलाची छोटी टोपी नाही, रायफलची छोटी टोपी आहे, चालेल का?

हा प्रश्न पडतो कारण दोन्हींचं माप एकच आहे. छोट्या टोपीचा व्यास ०.१७५ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरपेक्षा किंचित कमी, पिस्तुलाची असो की रायफलची. खोबणीत दोन्ही सारख्याच बसतात. फरक आत आहे. रायफलच्या टोपीची वाटी जाड असते, कारण रायफलमध्ये दाब जास्त. पातळ वाटी तिथे फुटेल. ही जाड वाटी पिस्तुलात घातली तर घोड्याचा हलका ठोका तिला पुरत नाही, कधी पेटते, कधी नाही. आणि पेटली तर बहुधा जास्त जोराने पेटते, म्हणजे दारूचं जे माप पिस्तुलाच्या टोपीसाठी ठरवलं होतं त्यात दाब वाढू शकतो. पिस्तुलाच्या काडतुसात दारू थोडी, म्हणून टोपीचा वाटा मोठा. (.२२ ची गोष्ट आठवली?) म्हणूनच पुन्हा भरणाऱ्यांच्या पुस्तिकांत प्रत्येक मापासमोर कुठली टोपी वापरून ते मोजलं ते छापलेलं असतं, आणि टोपी बदलली की ते माप तुमचं राहत नाही, दारू कमी करून पुन्हा पहिल्यापासून वर यायचं, असा नियम आहे.

मोठ्या टोप्यांचं आणखी वेगळं. व्यास दोन्हींचा ०.२१० इंच, पण रायफलची टोपी उंचीला जराशी जास्त, फरक साधारण ०.२ मिलिमीटर. नखाच्या जाडीएवढाही नाही. पण तेवढ्याने ती पिस्तुलाच्या पुंगळीबाहेर डोकावते, आणि डोकावणारी टोपी चाप न ओढताच पेटण्याचा धोका असतो. म्हणजे एका जोडीत माप सारखं पण स्वभाव वेगळा, दुसऱ्या जोडीत एक माप सारखं आणि दुसरं चोरून वेगळं.

बरं, "अदलाबदल कधीच नको" असा सरसकट नियमही करता येत नाही. .४५४ कॅसल हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस असून त्यात मुळातच रायफलची छोटी टोपी ठरवलेली आहे, कारण त्याचा दाबच रायफलच्या जवळपास जातो. .४५ एसीपी शतकभर मोठ्या टोपीचं होतं. अलीकडे शिसेविरहित टोप्या आल्या तेव्हा काही कारखान्यांनी त्याच काडतुसाला छोटी खोबण दिली. आता बादलीभर रिकाम्या .४५ पुंगळ्यांत दोन्ही मिसळलेल्या सापडतात आणि भरणारे लोक वैतागून एकेक निवडत बसतात. बाहेरून नाव एक, शिक्का एक.

त्या बादलीबद्दल वाचताना मला सरांची पेन्सिल आठवली.

माझ्या कागदांत १८७० च्या दशकात दोन प्रकारच्या टोप्या एकाच शब्दाखाली होत्या. गोऱ्या पलटणींना स्नायडर रायफल मिळाली, तिच्या काडतुसात बॉक्सरची टोपी आधीच बसवलेली, तिची वेगळी नोंद कशाला होईल? देशी पलटणींना १८५७ नंतर मुद्दाम एक पिढी मागची शस्त्रं दिली जात, त्यांच्याकडे ठासणीच्या बंदुका आणि सुट्या टोप्या अजून काही वर्षं चालू. पोलिसांचं आणखी निराळं. शिवाय कारखान्यात काडतुसांसाठी मागवलेल्या टोप्याही "टोप्या"च. माझा आलेख खाली आला तो सराव घटला म्हणून नव्हे, टोपी काडतुसाच्या आत गेली म्हणून. सराव घटला की वाढला हे त्या आकड्यांवरून कळायचा मार्गच नव्हता.

तक्ता नव्याने करायला सात महिने लागले. आता त्यात तीन रकाने आहेत: सुटी टोपी, काडतुसाची टोपी, आणि "कुठली ते कागदावरून ठरत नाही". तिसऱ्या रकान्यात सगळ्यांत जास्त नोंदी आहेत. सरांनी तो बघितला, तिसऱ्या रकान्यावर पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, "हे प्रकरण आधी लिही."